कासारघाटाचं छायामत

विलासराव चौगुल्यांनी सकाळी फोन उघडला आणि चहाचा घोट तोंडातच राहिला. कासारघाटावर होऊ घातलेल्या ‘तरंग’ या हॉटेलला त्यांचा ठाम पाठिंबा असल्याचं तिथं लिहिलं होतं.

आता गंमत अशी, की त्या हॉटेलच्या विरोधात शहरात जो काही गदारोळ चालला होता, त्याचे सेनापती खुद्द विलासरावच होते. आदल्याच संध्याकाळी त्यांनी भाजी मंडईच्या कोपऱ्यावर उभं राहून घसा बसेपर्यंत भाषण ठोकलं होतं. कृष्णेचा घाट काय कुणाच्या बापाचा आहे काय, असं विचारून टाळ्याही घेतल्या होत्या. आणि आज सरकारी यंत्र त्यांना सांगत होतं, की आजोबा, तुमच्या मनात तसं काही नाही.

या यंत्राचं नाव जनछाया. पूर्वी सार्वजनिक जागेवर काही बांधायचं झालं की जनसुनावणी व्हायची. तिला यायचे कोण, तर ज्यांना वेळ होता ते, ज्यांना घसा होता ते, आणि ज्यांना कुणीतरी जीप भरून आणलं होतं ते. बाकीचं शहर आपापल्या कामावर. म्हणून सरकारनं जनछाया आणली. प्रत्येक रहिवाशाची एक छाया संगणकात घडायची. माणूस काय बोलतो याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. तो काय करतो एवढंच ती बघायची. त्याचा फोन कुठं जातो, कुठं किती वेळ थांबतो, कुणाकुणाच्या फोनजवळ थांबतो, तिथून उठल्यावर तो काय विकत घेतो, घरचा दिवा कधी मालवतो. वर्षानुवर्षांच्या या खुणांवरून हुबेहूब त्या माणसासारखी वागणारी छाया तयार झाली, की पुढचं काम सोपं. संगणकात अख्खं शहर उभं करायचं, त्यात नवं बांधकाम घालायचं आणि सगळ्या छायांना त्या शहरात काही वर्षं जगू द्यायचं. आपल्या जगात त्याला एक दिवसही लागत नसे. शेवटी जिचे दिवस सुधारले ती छाया अनुकूल, जिचे बिघडले ती प्रतिकूल, आणि जिला काहीच फरक पडला नाही ती तटस्थ. जी माणसं ती जागा रोज वापरतात, त्यांच्या छायेच्या मताला जास्त वजन.

दोन पुलांच्या आणि एका बसस्थानकाच्या बाबतीत जनछायेनं सांगितलेलं तंतोतंत खरं ठरलं होतं. त्यामुळे लोक तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायला लागले होते. तुमच्या छायेचं मत फक्त तुम्हालाच दिसायचं, आणि कारणं हवी असतील तर कार्यालयात जाऊन तिलाच विचारता यायची. बाहेर जाहीर व्हायची ती नुसती गोळाबेरीज. मत पटलं नाही तर सुनावणीत स्वतः उभं राहून ते खोडण्याची सोय होती. मात्र खोडायचं तर छायेनं दिलेली कारणं सगळ्यांसमोर वाचली जायची. कुणी दबावाखाली मत फिरवू नये म्हणून ही तजवीज होती.

विलासराव हबकले ते या तजविजीमुळे. मंडळाचा म्होरक्याच आतून फितूर, हे भर सभेत वाचलं गेलं तर तोंड कुठं लपवायचं?

“काय झालं हो?” शैलजाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटत विचारलं.

“काय न्हाई. हॉटेलचं आलंय.”

“मग? होणार का?”

“होऊ देतो होय! आपल्या घरातली दोन्ही मतं विरोधात हाईत,” विलासराव म्हणाले आणि फोन उलटा करून ठेवला. शैलजाबाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

कासारघाटावर रोज सकाळी पोहायला येणाऱ्यांचं एक मंडळ होतं. वीज मंडळातून निवृत्त झालेले विलासराव त्याचे अध्यक्ष. अध्यक्ष कसले, सगळ्यात जुने म्हणून मान. बॅटरीचं दुकान चालवणारे रशीद मुल्ला, नावाप्रमाणेच वागणारे आडमुठे वकील, दोन मास्तर, एक कंडक्टर, आणखी बरेच. मगर दिसली की दोन दिवस सुट्टी, एरवी थंडी असो की ऊन, पाण्यात उडी. ‘तरंग’ उभं राहणार होतं ते याच घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर, खांब रोवून, काचेच्या जमिनीचं. गिऱ्हाईक जेवता जेवता पायाखालची नदी बघणार. त्यासाठी पायऱ्या कायमच्या बंद होणार होत्या.

मंडळाचा एक रिवाज होता. मागं कधीतरी कुणीतरी आडमुठे वकिलांचा लंगोटातला फोटो काढला आणि तो जिल्हाभर फिरला. कोर्टात समोरच्या पक्षाचा वकील महिनाभर हसत होता. तेव्हापासून पाण्यात उतरण्याआधी फोन, घड्याळं, अंगठ्या, सगळं एका कापडी पिशवीत जायचं. ती पिशवी मांडीवर घेऊन एकानं पायरीवर बसायचं. रोज पाळी वेगळी. ज्याला सर्दी, त्याची पाळी आपोआप.

त्या दिवशी घाटावर पोचल्यावर विलासरावांना कळलं, की गोळाबेरीजही जाहीर झाली आहे. घाट रोज वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या छाया हॉटेलला अनुकूल होत्या.

“रोज वापरणारे म्हंजे आपणच की,” कंडक्टर शिंगाडे म्हणाला. “मग ही हो म्हणणारी कोण हाईत?”

“माझी छाया प्रतिकूल आहे,” आडमुठे वकील जरा जास्तच जोरात म्हणाले.

“माझीबी,” रशीदभाई म्हणाले.

“आणि माझी तर इचारूच नका,” विलासराव म्हणाले. खोटं बोलताना त्यांचे कान गरम झाले, पण सगळे एकमेकांकडे बघण्यात इतके गुंतले होते की ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर मंडळाचा रंगच उडाला. पूर्वी पोहून झाल्यावर सगळे मिसळीच्या गाडीवर जायचे, एकमेकांच्या ताटातला पाव पळवायचे. आता ज्याचं त्याचं आटपलं की जो तो घरची वाट धरू लागला. मास्तरांना अचानक शिकवण्या लागल्या. वकिलांना पाठदुखी झाली. आणि रशीदभाई, ज्यांनी चाळीशीपासून एक सकाळ चुकवली नव्हती, ते यायचेच बंद झाले. विलासरावांना वाटलं, यानं आपलं खोटं ओळखलं. दुसरं काही कारण त्यांना सुचेना, आणि फोन करायचं धाडस होईना.

शेवटी ते जनछायेच्या कार्यालयात गेले. तिथल्या गार्गी हेरवाडे नावाच्या तरुण अधिकारीबाईंनी त्यांना एका छोट्या खोलीत बसवलं. “काका, तुमच्या छायेशी तुम्हीच बोला. मी बाहेर थांबते. मला ऐकायची परवानगी नाही,” असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

भिंतीतून आवाज आला तो विलासरावांचाच. तोच खर्ज, तोच मधेच घसा खाकरण्याचा लकबीचा थांबा.

“तुला हॉटेल कशाला पाहिजे रे?” विलासरावांनी विचारलं. स्वतःलाच अरेतुरे करताना त्यांना विचित्र वाटलं.

“मी रोज सकाळी घाटावर तासाभराच्या वर बसतो,” छाया म्हणाली. “जागा फार अपुरी आहे. इतरांना खेटून बसावं लागतं. तिथं खायला-प्यायला काही मिळत नाही. उठलो की सरळ मिसळीच्या गाडीवर जातो. हॉटेल झालं की ऐसपैस बसेन.”

“बसतो? अरे, मी पवतो!”

“पोहल्याची कोणतीही खूण माझ्याकडे नाही.”

विलासरावांनी खुर्चीत अंग चोरलं. कारण ते खरं होतं. गुडघा दुखायला लागल्यापासून गेलं वर्षभर ते पोहतच नव्हते. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, हात मारल्यासारखं करायचं, दोन बुडक्या घ्यायच्या आणि बाहेर यायचं. एकदाही पलीकडचा काठ गाठला नव्हता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. या यंत्रानं ते बरोबर हेरलं होतं! मग बाकीचंही खरं असणार. आपण म्हातारे झालो, आतून आपल्याला खुर्ची पाहिजे, गरम चहा पाहिजे, आणि वर ‘घाट वाचवा’ म्हणून आपण बोंबलत फिरतोय. स्वतःची इतकी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती.

तिथून ते घरी गेलेच नाहीत. पाय आपसूक रशीदभाईंच्या दुकानाकडे वळले. आता सभेत वाचलं जाण्याआधी निदान या माणसाला तरी आपल्या तोंडानं सांगावं, असं त्यांनी ठरवलं होतं.

रशीदभाई दुकानात एकटेच बसले होते. विलासरावांना बघून ते उठले, पुन्हा बसले.

“रशीदभाई, मी खोटं बोललो,” विलासरावांनी बसायच्या आत सांगून टाकलं. “माझी छाया हो म्हणालीय.”

रशीदभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. “आयला आण्णा! माझीबी हो म्हणालीय!”

“तुझी?”

“व्हय. म्हणून तर येत न्हवतो. कुठल्या तोंडानं येऊ? आमच्या सलीमला त्या हॉटेलात नोकरी लागंल, असं एकदा माझ्या मनात आलं हुतं. एकदाच, अल्ला कसम. यंत्रानं तेवढं पकडलं बग.”

“कारण काय दिलंय? सलीमचं?”

“न्हाई. कारण कायतरी भलतंच. मी म्हणं घाटावर बसतो, लोकांना खेटून. जागा पुरत न्हाई. आणि पवल्याची खूण न्हाई.”

विलासराव ताडकन उभे राहिले. “पवल्याची खूण न्हाई? तुझी? तू तर रोज नदी पार करून येतोस!”

“तेच म्हणतो मी.”

“मलाबी तेच सांगितलं. शब्दाला शब्द. खेटून बसतो म्हणून.” विलासराव येरझाऱ्या घालायला लागले. “कुणाला खेटून बसतोस तू?”

“तुला खेटून, वकिलाला खेटून. असं यंत्र म्हणतंय. पण आपण कधी बसलोय तिथं? आपण तर पाण्यात असतो. पायरीवर बसतो तो एकटा पिशवीवाला.”

दोघंही एकदम थांबले. मग रशीदभाईंच्या तोंडातून हळूच शब्द निघाला, “पिशवी.”

पुढचा बराच वेळ त्या दुकानात दोन म्हातारे पोट धरून हसत होते. गिऱ्हाईक आलं, उभं राहिलं आणि घाबरून निघून गेलं. यंत्रानं त्यांच्या मनातलं काही म्हणजे काही हेरलं नव्हतं. ते बघत होतं एका कापडी पिशवीत कोंबलेले फोन. विलासरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. आपण फितूर नव्हतो. गुडघा दुखत होता, तेवढंच. तो दुखतोय हेही त्यांनी रशीदभाईंना तिथल्या तिथं सांगून टाकलं.

“मला ठाऊक हाय की,” रशीदभाई डोळे पुसत म्हणाले. “सगळ्यांना ठाऊक हाय. कोण कशाला बोलंल?”

सुनावणी महापालिकेच्या सभागृहात होती. मंडळाचे सगळे जण मागच्या रांगेत खाली मान घालून बसले होते. विलासराव उठले आणि म्हणाले, “साहेब, मला माझं छायामत खोडायचंय. कारणं वाचा. मोठ्यानं वाचा.”

गार्गीबाईंनी कारणं वाचली. खेटून बसणं, जागेची टंचाई, मिसळीची गाडी. ‘पोहल्याची खूण नाही’ असं वाचल्याबरोबर मागच्या रांगेत एकेक मान वर यायला लागली.

“अहो, हे तर माझं आहे!” आडमुठे वकील ओरडले.

“माझंबी हेच!” कंडक्टर शिंगाडे उभा राहिला. “मला वाटलं, म्या मागं एकदा घरात म्हटलं हुतं की पायऱ्या लई निसरड्या झाल्यात, ते ऐकलं का काय यंत्रानं!”

मग सगळंच बाहेर पडलं. प्रत्येकाची छाया अनुकूल होती. प्रत्येकानं ते लपवलं होतं. आणि प्रत्येकाकडे मनात दडवलेलं असं काहीतरी बारीकसं होतं, ज्याच्यावर यंत्रानं बोट ठेवलं असं त्याला वाटलं होतं. मोठे मास्तर तर म्हणाले, बायकोला नाक्यावरच्या हॉटेलात न्यायचं कबूल करून नेलं नव्हतं, त्याचीच ही शिक्षा असं मी धरून चाललो होतो. विलासरावांनी पिशवीचा उलगडा केला तेव्हा सभागृह हसून हसून बेजार झालं. हॉटेलवाल्यांची माणसंसुद्धा हसली.

गार्गीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तिथंच नोंदी तपासल्या. “टेबलावर नुसते पडून असलेले फोन आम्ही मोजत नाही,” त्या म्हणाल्या. “पण हे फोन हलत होते. पिशवी मांडीवर, मांडीवाला कधी वळतो, कधी उठतो, कधी पाण्यातल्यांना हाका मारतो. यंत्रानं असं धरलं, की एवढी माणसं दाटीवाटीनं बसली आहेत आणि अवघडून चुळबुळ करताहेत. तासभर कुणी फोन दुसऱ्याच्या हवाली करतो, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. चूक आमची आहे.”

सुनावणी घेणाऱ्या उपायुक्तांनी घाटाबद्दलची छायामतं बाजूला ठेवली. “आता ज्याला बोलायचं त्यानं आपल्या तोंडानं बोला,” ते म्हणाले.

लोक बोलले. कुणी म्हणालं, हॉटेल झालं तर पोरांना काम मिळेल. कुणी म्हणालं, पूर आला तर तुमचं हॉटेल टेबल-खुर्च्यांसकट कर्नाटकात जाईल. मग स्नेहल कोळेकर नावाची एक तरुण मुलगी उभी राहिली. “मी हॉटेलच्या बाजूनं आहे,” ती म्हणाली. “तिथं निदान आम्हाला बसता येईल, बाथरूमला जाता येईल. आज घाटावर तुम्ही सगळे लंगोट लावून उभे असता. सार्वजनिक जागा म्हणता, पण आम्ही मुलींनी तिथं कुठं उभं राहायचं?”

विलासराव उत्साहात होते. ते उठले. “बाळ, असं काय न्हाई. आमच्या घरातल्या बायकांना विचार. घाट हाय तसाच राहावा असंच त्यांना वाटतं.”

“थांबा,” मागून आवाज आला. “मी सांगते.”

शैलजाबाई उभ्या होत्या. त्या सभेला आल्या आहेत हेच विलासरावांना माहीत नव्हतं. त्यांच्या हातात फोन होता.

“माझी छाया तटस्थ आहे,” त्या म्हणाल्या. “घाट राहिला काय, गेला काय, मला काही फरक पडत नाही, असं यंत्र म्हणतंय. माझ्या बाबतीत पिशवीबिशवीची चूक नाही. मी घाटावर कधी गेलेच नाही, मग त्याला दुसरं दिसणार काय? पण मला पवायला येतं. माहेरच्या विहिरीत आम्ही बहिणी काठावरच्या मोटेच्या थारोळ्यावरनं उड्या मारायचो. लग्न होऊन या गावात आले तेव्हा नदी बघून मला आनंद झाला होता, की आता रोज पवायला मिळंल. ती नदी मी इतकी वर्षं पुलावरनं बघतेय. हॉटेल नको मला. मला पायऱ्या पाहिजेत. पण आमच्यासाठीसुद्धा पाहिजेत. कपडे बदलायला खोली बांधा, बाथरूम बांधा. मग बघा, तुमच्या यंत्राला घाटावर कोण कोण दिसतंय ते.”

त्या खाली बसल्या. पहिली टाळी स्नेहलची होती. मग कुठून कुठून बायका टाळ्या वाजवायला लागल्या, आणि गार्गी हेरवाडेबाईंनीही कागद खाली ठेवून वाजवली.

विलासराव उभेच होते. एका यंत्रानं आपल्याला न विचारता आपलं मत ठरवलं म्हणून त्यांचं रक्त उसळलं होतं. यंत्राकडे निदान वर्षानुवर्षांच्या खुणा तरी होत्या. त्यांनी बायकोचं मत भाकरी खाता खाता ठरवून टाकलं होतं. हे त्यांना तिथं, सगळ्यांसमोर उभं असताना कळलं, आणि ते खाली बसले.

निकाल त्याच आठवड्यात लागला. पायऱ्या आहेत तशा राहिल्या. हॉटेलवाल्याला वरच्या अंगाला, पुराच्या रेषेबाहेर, बंद पडलेल्या धान्य गोदामाची जागा मिळाली. तो उघड बोलला नाही, पण काचेच्या जमिनीचा खर्च वाचला म्हणून त्यालाही हायसंच वाटलं असावं. सलीमला तिथं काम मिळालं. घाटाच्या कडेला दोन खोल्या बांधायचं ठरलं आणि, नवल म्हणजे, त्या खरोखरच बांधल्या गेल्या.

सभेच्या दिवशी दोघं चालतच घरी निघाले होते. मंडईपर्यंत आल्यावर विलासराव म्हणाले, “इतक्या वर्षांत सांगितलं न्हाईस.”

“पहिल्याच उन्हाळ्यात सांगणार होते,” शैलजाबाई म्हणाल्या. “तुम्ही घाटावरनं आलात, आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणालात, की तिकडं बायकांचं काय काम. मग राहून गेलं.”

विलासरावांना ते आठवतही नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि तसं त्यांनी सांगितलं. शैलजाबाई म्हणाल्या, “असू दे. कोथिंबीर घ्या,” आणि दोघं मंडईत शिरले.

खोल्या झाल्या त्या हिवाळ्यात एका सकाळी शैलजाबाई, स्नेहल, स्नेहलची आई आणि आणखी काही जणी घाटावर आल्या. मंडळाच्या लोकांनी त्या दिवशी घरून चड्ड्या घालून यायचं कबूल केलं होतं. शैलजाबाईंनी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घातला होता. शेवटच्या पायरीवर त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी सूर मारला.

त्या बऱ्याच पुढं जाऊन वर आल्या. मग एकेक हात टाकत, मागं वळूनही न बघता, पलीकडच्या काठाकडे निघाल्या.

कमरेएवढ्या पाण्यात उभे असलेले विलासराव बघत राहिले. क्षणभर त्यांना भीती वाटली. मग त्या हातांची लय त्यांनी बघितली, आणि भीती गेली. तिच्याबद्दल आपल्याला अजून काय काय ठाऊक नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि का कोण जाणे, त्या विचारानं त्यांना फार बरं वाटलं.

“आण्णा,” शेजारी रशीदभाई म्हणाले, “वहिनी चालल्या की.”

“दिसतंय मला,” विलासराव म्हणाले. त्यांनी गुडघ्याचा विचार केला, मग तो सोडून दिला, आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा खोल पाण्यात अंग झोकून दिलं. तिला गाठणं त्यांना काही त्या दिवशी जमलं नाही.